गिळ्याच्या पोटात

हंबीररावांना वीतभर मासा पसंत पडला नाही.

"एवढासा?" संयोगिताच्या मोबाईलवरचा फोटो त्यांनी लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, शेवटी चष्मा काढून पाहिला. "आगं, ह्याच्यापेक्षा मोठा रंकाळ्यात घावंल. ह्याला बघायला माणसं कशाला येतील?"

"मासा लहानच आहे, आबा. पण स्वतःच्या दुप्पट लांबीचा मासा सबंध गिळतो. कधीकधी त्याहून मोठा."

"सबंध? चावत न्हाय?"

"नाही. पोट ताणत जातं नुसतं."

हंबीरराव खुर्चीत सरसावून बसले. "मग ठरलं. तीस फुटी करायचा. तोंडातनं माणसं आत, शेपटीतनं भाईर. आन खऱ्या लांबीचं कुणाला बोलायचं न्हाय."

हंबीरराव म्हणजे संयोगिताचे सासरे. शिवाजी पेठेतल्या एका तालमीचे जुने पैलवान, आणि त्याच तालमीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्षपदाची निवडणूक दर वर्षी होते, आणि दर वर्षी उभे तेच राहतात. मंडळाचा देखावा काय करायचा हे सभेत ठरतं असं म्हणायची पद्धत आहे. ते घरी चहा पिताना ठरतं आणि सभेत कळवलं जातं. गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाने धूर ओकणारा ज्वालामुखी केला होता, आणि तो बघायला हंबीररावांच्या दारावरून रांग गेली होती. तेव्हापासून त्यांना नीट झोप नव्हती. यंदा काहीतरी पाताळातलं हवं, असा त्यांनी ध्यास घेतला होता आणि पाताळातलं घरात कुणाला विचारायचं, तर धाकट्या सुनेला.

धाकटी सून गारगोटीची. गारगोटीच्या पोरीचा आणि खोल समुद्राचा संबंध काय, असं तिला लग्न ठरवताना तीन वेगवेगळ्या स्थळांनी विचारलं होतं. संबंध एवढाच की कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एमएस्सी करताना ती सहा महिने कोचीच्या एका संशोधन संस्थेत गेली होती. जहाजाने खोल पाण्यातून वर काढलेले मासे तिथे बाटल्यांतून यायचे. तिच्या वाट्याला आला हा काळा, दातेरी, कातडी लोंबलेला मासा. तो कुठल्या समुद्रात, किती खोलीवर आढळतो आणि काय खातो, एवढं तिने शोधायचं होतं. पहिल्या माशाचं पोट उघडलं तेव्हा आतून दुसरा मासा निघाला, घडी घालून ठेवलेल्या साडीसारखा. तिच्याबरोबरची मुलगी नाक दाबून बाहेर गेली. संयोगिता जेवायला उठली नाही. आयुष्यात आपल्याला काय करायचंय हे काही जणांना फार उशिरा कळतं. तिला ते त्या दुपारी कळलं, आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

मराठीत या माशाला नाव नाही. कोळ्याच्या जाळ्यात जो कधी येतच नाही, त्याचं नाव कोण ठेवणार? तालमीतल्या पोरांनी त्याला गिळ्या म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं.

तिला या घरात कुणी छळलं असतं तर गोष्ट सोपी होती. नवरा पृथ्वीराज गरीब स्वभावाचा, दुधाच्या वाहतुकीचा धंदा बघणारा. सासू तानाबाई तिला मटणातल्या नळ्या आठवणीने वाढायची. आणि हंबीरराव तर येईल त्याच्यासमोर सांगायचे, "आमची सूनबाई शास्त्रज्ञ हाय." फक्त एक होतं. तिने कोचीचं नाव काढलं की घरात काहीतरी नवीन यायचं. पहिल्यांदा काढलं तेव्हा स्कूटर आली. दुसऱ्यांदा काढलं तेव्हा गच्चीवर खोली बांधली गेली, टेबलखुर्चीसकट. तिसऱ्यांदा सूक्ष्मदर्शक आला आणि खंडेनवमीला घरच्या तलवारीशेजारी ठेवून त्याची पूजाही झाली. भिंगात गेलेलं कुंकू काढायला तिला आठवडा लागला. मग ओळखीने जवळच्याच एका कॉलेजात नोकरी लागली. बारावीच्या पोरांना ती बेडकाची पचनसंस्था शिकवू लागली. एवढं सगळं मिळालेल्या बाईने तोंड वाकडं करायचं तरी कसं? तिचा श्वास कोंडायचा, आणि कोंडतोय असं म्हणायचीही तिला लाज वाटायची.

अशात कोचीहून पत्र आलं. तिची निवड झाली होती. तीन वर्षं संशोधन, वर्षातून दोनदा जहाजावर जायला मिळणार. होकार कळवायला पुरेशी मुदत होती.

"आबांशी मी बोलतो," पृथ्वीराज म्हणाला. "तू नको बोलूस. त्यांचा मूड बघून मी विषय काढतो."

मूड बघता बघता आषाढ गेला, श्रावण गेला. दुसरीकडे गिळ्या वाढत होता.

गिळ्या बांधायचं काम उद्यमनगरातल्या आकारामकडे होतं. आकाराम वेल्डर हा हंबीररावांचा शब्द झेलणारा माणूस. संयोगिताने एक चित्र काढून दिलं होतं. त्यात दात आतल्या बाजूला वाकतात असं बाण काढून दाखवलं होतं, नुसती माहिती म्हणून. आकारामने ते भिंतीला चिकटवलं आणि हुकूम मानला. जुन्या ट्रकच्या स्प्रिंगा आणून त्याने प्रत्येक दात असा बसवला की आत ढकलला तर वाकेल, सोडला तर ताडकन उभा राहील, आणि बाहेरच्या बाजूला काही केल्या हलणार नाही. कुणी म्हणालं, एवढं कशाला, नुसते थर्माकोलचे दात लाव. आकाराम म्हणाला, "वैनीसाहेबांनी काढलंय तसंच व्हनार. शास्त्र हाय ते."

निवेदन संयोगितानेच लिहिलं आणि तिच्याच आवाजात रेकॉर्ड झालं. हंबीररावांनी त्यातला फक्त शेवटचा परिच्छेद काढायला लावला. "गणपतीच्या मांडवात मरणाचं कशाला?" एवढंच म्हणाले.

मूर्ती आणायचा दिवस उजाडला आणि कोचीची मुदतही त्याच दिवशी संध्याकाळी संपत होती. सकाळी संयोगिताने नवऱ्याला विचारलं. त्याने डोक्याला फेटा बांधता बांधता आरशातूनच सांगितलं, "गणपती बसू दे की. मग बोलतो."  दुपारी तिने मोबाईलवर होकार लिहिला. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. चोरून दाबायचं तिच्या जिवावर आलं. सासऱ्यांना तोंडावर सांगायचं आणि त्यांच्यासमोरच पाठवायचं, असं ठरवून ती मांडवाकडे निघाली.

मांडव ओस होता. पोरं सगळी वाजतगाजत कुंभाराकडे मूर्ती आणायला गेली होती. दाराशी खुर्ची टाकून हंबीरराव एकटे बसले होते आणि त्यांच्या पायाशी एक वेताची बुट्टी होती. आत येणाऱ्याने मोबाईल त्या बुट्टीत टाकायचा, हा त्यांचा नियम. पलीकडच्या गल्लीला एक जरी फोटो गेला तर देखाव्यातली गंमत गेली.

"आबा, तुमच्याशी बोलायचं होतं."

"बोल की. पर आदी आत चल." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "तुझा मासा तुज्याआदी कुणी आतनं बघायचा न्हाय म्हणून सकाळधरनं राखत बसलोय. मिरवणुकीला सुदिक गेलो न्हाय."

त्यांनी तिच्या हातातला मोबाईल अलगद काढून घेतला आणि बुट्टीत आपल्या मोबाईलवर ठेवला. तिला नाही म्हणता आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की त्यापुढे कुणालाच नाही म्हणता आलं नसतं.

गिळ्याचं तोंड मांडवाच्या छताला लागलं होतं. खालचे दात कमरेएवढे, वरचे त्यांच्या फटींतून खाली उतरलेले. हंबीररावांनी पैलवानासारखा खांदा लावला, दात करकरत आत वाकले, आणि त्यांच्या पाठोपाठ संयोगिता आत शिरली. मागे खट्ट असा आवाज झाला.

"आकारामनं काम दणकट केलंय," हंबीरराव खूष होऊन म्हणाले.

आत तांबडे दिवे लागले. वर सळ्यांच्या बरगड्या, त्यांच्यामागे पत्रा, आणि आतून लोंबणाऱ्या गुलाबी कापडाच्या घड्या. मधोमध गिळलेला मासा, थर्माकोलचा, वाकवून कोंबलेला, एक डोळा उघडा. माणूस हलला की निवेदन सुरू व्हायची सोय होती. संयोगिताचाच आवाज तिच्या डोक्यावरून बोलू लागला:

"सूर्याचा प्रकाश जिथे पोहोचत नाही, त्या पाण्यात हा मासा राहतो. उष्ण पट्ट्यातल्या महासागरांत, पाऊण किलोमीटरपासून अडीच किलोमीटर खोलीपर्यंत तो आढळतो. तो भक्ष्याचा पाठलाग फारसा करत नाही, असे मानतात. समोर आलेला मासा तो तोंडात धरतो आणि हळूहळू आत ओढतो. त्याचे दात आतल्या बाजूला वाकतात. भक्ष्य आत सरकले की ते पुन्हा उभे राहतात. आत गेलेले भक्ष्य बाहेर येत नाही."

"कसं वाटतंय?" हंबीरराव म्हणाले. "अंगावर काटा येतोय का न्हाय?"

येत होता. तिने मान हलवली. दोघे शेपटीपर्यंत गेले, आणि तिथे हंबीरराव थांबले. शेपटीचं शटर बंद होतं. त्यांनी ढकललं, मग हाताने ठोकलं, मग कपाळाला हात लावला. काल रात्री पलीकडच्या गल्लीतली दोन पोरं मागून डोकावताना सापडली होती. म्हणून शटरला बाहेरून कुलूप घालायला त्यांनीच सांगितलं होतं. किल्ली आकारामच्या खिशात होती, आणि आकाराम मिरवणुकीत नाचत होता.

"चल माघारी. आलो तसं जाऊ."

आलो तसं जाता येईना. हंबीररावांनी दातांना खांदा लावला, पाठ लावली, दोन पावलं मागे जाऊन धडक दिली. दात हलले नाहीत. ते बाहेरच्या बाजूला हलणारच नव्हते, कारण तसं चित्रात दाखवलं होतं. दोघांनी मिळून हाका मारल्या. पत्र्यात त्यांच्याच हाका घुमल्या, आणि वरून बाई पुन्हा सांगू लागली की सूर्याचा प्रकाश जिथे पोहोचत नाही.

"ही बया गप का बसंना?" हंबीरराव ओरडले.

"आपण हललो की बोलते, आबा. हलू नका."

ते थर्माकोलच्या माशाला टेकून बसले. ती समोर बसली. निवेदन संपलं आणि शांतता झाली. पत्र्याच्या आत उकाडा मनस्वी होता. रंगाचा वास नाकात जात होता. दातांच्या फटींतून बाहेरची बुट्टी दिसत होती, दहा पावलांवर.

"मिरवणूक यील की," हंबीरराव म्हणाले. "दिवस मावळताना आल्याबिगर राहत्यात का? तवर बसायचं गप."

दिवस मावळताना.  संयोगिताच्या डोळ्यांसमोर कोचीतलं ते ऑफिस आलं, खुर्च्या मागे सरकवून डबे उचलून घरी निघालेली माणसं आली. तिच्या जागी पुढच्या नावाला पत्र जाणार होतं. ती उठली आणि दोन्ही हातांनी दात हलवू लागली. वरून आवाज आला, "सूर्याचा प्रकाश जिथे..."

"बस गं पोरी! काय झालं एवढं?"

"मला बाहेर जायचंय, आबा!" ती किंचाळलीच. या घरात तिने आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. तिने स्वतःही नाही. "कोचीला माझी निवड झालीये. तीन वर्षं. आज संध्याकाळपर्यंत होकार गेला नाही तर ती जागा दुसऱ्याची. तेच सांगायला आलते तुमच्याकडं."

 बाईने सगळं सांगितलं, पाऊण किलोमीटरपासून अडीच किलोमीटरपर्यंत. मग हंबीरराव थर्माकोलचा एक तुकडा बोटाने कुरतडत म्हणाले, "ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"कोचीचं. पृथ्वीनं सांगिटलंय मला. लई दिस झालं."

तिला आधी कळेना. मग ती मनात मागे जाऊ लागली. पृथ्वीराज मूड बघत होता तेव्हा सांगून झालं होतं. हंबीररावांनी चहा पिताना अचानक पाताळातलं काहीतरी सांग म्हणून तिचा मोबाईल मागितला, तेही त्यानंतरचंच. तिने वर सळ्यांकडे पाहिलं. मग लोंबणाऱ्या कापडाकडे.

"म्हणून हा मासा केलात?"

हंबीररावांनी मान खाली घातली. एवढा धिप्पाड माणूस, पण शाळेत खोडी करताना सापडलेल्या पोरासारखा दिसला. "मला वाटलं, पोरीला समुद्र पायजे. तर समुद्रच पेठंत आणू की. तिचा मासा तिच्या दारात बांदू. मग कशाला जातीय ती?"

संयोगिता रडू लागली. तिला संताप आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

"कुणी आडवलं का तुला?" हंबीररावांचाही आवाज चढला. "एक शबूद कुणी वाकडा बोललं? सांग की!"

"कुणी नाही. तेच तर, आबा. तुम्ही मला नको म्हणाला असता तर मी भांडले असते. तुम्ही स्कूटर दिलीत. खोली दिलीत. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाहीत."

 कापडाची एक घडी दातांच्या फटीतून आलेल्या झुळकीने हलली आणि बाई पुन्हा सुरू झाली. दोघांनी ती संपायची वाट पाहिली. त्या दोघांना आता ती तोंडपाठ झाली होती.

"विजयसिंह दोन वर्सासाठी म्हणून गेलता," हंबीरराव हळू म्हणाले. विजयसिंह त्यांचा थोरला, ऑस्ट्रेलियात असतो. "म्याच सोडायला गेलतो इमानतळावर. म्हणलं, जा, बघून ये. परत आला का? त्याच्या पोरांस्नी माझी भाषा कळत न्हाय. फोन कानाला लावत्यात आन नुसती हसत्यात. तवा ठरवलं, आता घरातलं कुणी दाराभाईर सोडायचं न्हाय. पृथ्वीला शिकायला पुण्याला सुदिक सोडला न्हाय मी. आन तू आलीस तर वाटलं, ही चिमणी तरी..."  उपरण्याने त्यांनी नाक पुसलं.

संयोगिताला त्यांची कीव आली, आणि त्या किवेचीच तिला भीती वाटली. अशाच किवेपायी तर ती आजवर गप्प राहिली होती.

"त्ये शेवटचं काय लिवलंतंस?" त्यांनी एकदम विचारलं. "मी काढाय लावलं त्ये. मरणाचं."

"राहू दे, आबा."

"सांग म्हणतोय की."

तिने डोळे पुसले. "खाली खोलात खायला फार कमी असतं. समोर आलेलं सोडलं तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. म्हणून हा मासा मिळेल तेवढं मोठं गिळतो. पण कधीकधी फारच मोठं गिळतो. ते पचत नाही. पचायच्या आधी पोटात कुजतं आणि त्याचा वायू होतो. मग पोट फुगतं आणि फुग्यासारखं त्याला वर उचलतं. पार पाण्याच्या वर. तिथं तो तरंगत असतो. सुरुवातीला माणसांना हा मासा माहीत झाला तो असाच. वर आलेला सापडला म्हणून."

"जित्ता?"

"नाही. मेलेला."

"कोण? गिळलेला का गिळणारा?"

"दोघंही, आबा."

हंबीरराव कितीतरी वेळ हलले नाहीत. म्हणून बाईही बोलली नाही. मग ते उठले, आणि निवेदन सुरू झालं त्याकडे लक्ष न देता दातांपाशी गेले. आता त्यांनी धडक दिली नाही. समोरचा पैलवान कुठे कच्चा आहे हे बघावं तसं त्यांनी एकेका दाताच्या बुडात हात घालून पाहिलं.

"भाईर जात न्हाईत," ते स्वतःशीच म्हणाले. "पर आत येत्यात की. मग ढकलायचं कशाला? वडायचं."

ते मांडी पसरून खाली बसले, दोन्ही पाय खालच्या जबड्याला टेकवले, मधले दोन दात दोन्ही बगलांत धरले आणि मागे रेलले. स्प्रिंगा करकरल्या. दात आत वाकले. वरच्या दातांखाली एक माणूस सरपटत जाईल एवढी फट झाली. तेवढ्यात त्यांचा जुना दुखरा खांदा भरून आला, हात सुटला, आणि दात ताडकन उभे राहिले.

दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. जो ओढून धरणार तो आतच राहणार.

"तू जा," हंबीरराव म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी काय मरतोय व्हय हितं? आकाराम आला की काढंल."

"तुमचा खांदा..."

"खांद्याचं मी बगतो. परत धरतो तेवढ्यात निघायचं. माझ्या मांडीवर पाय दे, खांद्यावर दुसरा, आन सरळ भाईर."

ती जागची हलेना. सासऱ्यांच्या अंगाला पाय लावायचा? या घरात ती त्यांच्यासमोर खुर्चीवर सुद्धा बसत नसे.

हंबीररावांनी ओळखलं. "आगं, तालमीत वस्तादाच्या अंगावर नाचूनच पोरं तयार व्हत्यात," ते दातांत हात घालत म्हणाले. "माझ्या वस्तादाच्या छातीवर मी पाय दिलाय. त्यात पाप न्हाय. दे पाय. आन नमस्कार बिमस्कार घालत बसू नगं, माझा हात सुटंल."

ते मागे रेलले. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. दात वाकू लागले. वरून तिचाच आवाज शांतपणे सांगत होता की आत गेलेले भक्ष्य बाहेर येत नाही. संयोगिताने चप्पल काढली, सासऱ्यांच्या मांडीवर पाय ठेवला, मग त्या दुखऱ्या खांद्यावर. खांदा तिच्या पायाखाली थरथरत होता, पण खचला नाही. तिने वरच्या दाताला धरून अंग पुढे लोटलं. ओढणी अडकली, फाटली. ती कोपरांवर बाहेर पडली आणि मागे खट्ट झालं.

बाहेर हवा होती. ती गुडघ्यांवरच वळली. दातांच्या फटीतून हंबीरराव दिसत होते, खांदा धरून धापा टाकत बसलेले, तांबड्या उजेडात घामाने निथळलेले.

"आबा! लागलं का? थांबा, मी आकारामदादांना घेऊन येते."

"आदी त्ये धाड!"

"तुम्हाला काढते आधी."

"संयू." हे नाव ते फार क्वचित घेत. "मला काढत बसलीस तर राहून जाईल. मी वळखतो मला. भाईर आलो की मी परत कायतरी घिऊन दीन तुला. आदी धाड."

तिने बुट्टीतून मोबाईल उचलला. होकार तसाच लिहिलेला होता, तिची वाट बघत. तिच्या बोटांना रंग लागला होता, त्यामुळे पहिल्यांदा बटण दाबलंच गेलं नाही. बोट पुसून तिने पुन्हा दाबलं.

"गेलं का?" आतून आवाज आला.

"गेलं, आबा."

 लांब कुठेतरी, बिनखांबी गणेशाच्या देवळाच्या बाजूने, मिरवणुकीतली हलगी ऐकू येऊ लागली होती. ती किल्लीसाठी निघणार तोच हंबीरराव पुन्हा बोलले. आवाज जरा बसला होता.

"गणपती झाल्यावर जाशील न्हवं? का आदीच?"

"झाल्यावर, आबा. विसर्जन करून."

"मग ठीक हाय." ते थोडं थांबले. "तिकडं खाली लई गार असंल. उजेड सुदिक न्हाय म्हणालीस. सासूकडनं स्वेटर घिऊन जा."

ती खाली जाणारच नव्हती. खाली जाळी जातात, माणसं जहाजावर असतात, आणि कोचीत तर बाराही महिने घामाच्या धारा. हे सगळं तिच्या ओठावर आलं होतं.

"नेते, आबा," ती म्हणाली, आणि अनवाणीच हलगीच्या दिशेने पळत सुटली.